हवामानबदलाच्या वादात आधी विचारा, वाद नेमका कशावर आहे

प्रश्न असा आहे: "मी विज्ञानाचा माणूस नाही. हवामानबदलावर काही वाचायला घेतलं की एक जण सांगतो विनाश दाराशी आलाय, दुसरा सांगतो हवामान कायमच बदलत आलंय आणि तापमानाचे आकडे मुद्दाम फिरवलेत. दोघांकडे आलेख आहेत, दोघांच्या नावापुढे पदव्या आहेत. माझ्यासारख्यानं कुणाचं खरं मानायचं?"

हवामानाच्या जुन्या नोंदी तपासायच्या आणि त्यांतले दोष शोधून दुरुस्त करायचे, या कामात मी बरीच वर्षं आहे. हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून विचारत असतो आणि त्याच्या वाट्याला मात्र दटावणी येते. "शास्त्रज्ञांचं एकमत आहे, विषय संपला" असं म्हटल्यानं कुणाची शंका फिटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात हा एक वाद नाही. पृथ्वी तापते आहे का, आपल्यामुळे तापते आहे का, अजून किती तापेल, त्यानं काय काय बिघडेल आणि त्यावर कुणी काय करायचं, हे पाच निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्या दोघांची उत्तरं पक्की आहेत. तिसऱ्याचं उत्तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशा स्वरूपाचं आहे. चौथ्याचं उत्तर तुम्ही उष्णतेच्या लाटांबद्दल विचारता की चक्रीवादळांबद्दल, यावर बदलतं. पाचव्याचं उत्तर विज्ञान एकट्याच्या बळावर देऊ शकत नाही. लोकांची दिशाभूल होते ती बहुतेकदा या प्रश्नांची सरमिसळ करून. तिसऱ्या प्रश्नातली अनिश्चितता उचलून पहिल्यावर टाकली जाते, नाहीतर पहिल्यातली खात्री दाखवून चौथ्यातला एखादा भडक दावा गळी उतरवला जातो. त्यामुळे कुठलाही लेख वाचताना किंवा चित्रफीत बघताना मी पहिल्यांदा हे बघतो की बोलणारा यातल्या कोणत्या प्रश्नावर बोलतो आहे.

आता पक्क्या भागाकडे. कार्बन डायऑक्साइडमुळे उष्णता अडते हे कुणी अलीकडे शोधून काढलेलं नाही. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापतं हे दाखवलं. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत मोजून सिद्ध केलं की हा वायू आणि पाण्याची वाफ अवरक्त (इन्फ्रारेड) उष्णता शोषतात; नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ शोषत नाहीत. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीनं हिशेब करून सांगितलं की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. हा आकडा आजच्या अंदाजापेक्षा जास्त आहे, पण दिशा बरोबर होती.

यानंतर झालेला वाद मुद्दाम सांगतो, कारण शास्त्रातला खरा वाद कसा असतो ते त्यातून दिसतं. १९०० मध्ये क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी आक्षेप घेतला. त्यांच्या प्रयोगात नळीतला कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त केला तरी शोषलेल्या उष्णतेत फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे हवेत आधीच असलेला वायू जेवढी उष्णता शोषायची तेवढी शोषतो आहे, आणखी घातला तरी काय होणार? आक्षेप वजनदार होता आणि कित्येक दशकं बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मान्यही केला. त्याचं उत्तर वातावरणाच्या वरच्या थरांत सापडलं. जमिनीलगतची उष्णता थेट अंतराळात जात नाही. ती थराथरानं शोषली जाते, पुन्हा बाहेर टाकली जाते आणि शेवटी जिथे हवा पुरेशी विरळ होते त्या उंचीवरून निसटते. वायू वाढला की ही निसटण्याची उंची आणखी वर सरकते. तिथे थंडी जास्त, आणि थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते. जाणारी उष्णता घटली, येणारं ऊन तेवढंच राहिलं, म्हणून खालचं जग तापतं. नळीतल्या प्रयोगात ही उंची नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर वरच्या हवेची मोजमापं आणि संगणक हाताशी आले, तेव्हा १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी थरांनुसार हिशेब मांडला आणि आक्षेपाचा जोर संपला. तोच आक्षेप आजही "कार्बन डायऑक्साइडचा व्हायचा तेवढा परिणाम केव्हाच झालाय" अशा शब्दांत नवा शोध म्हणून फिरत असतो. तो मांडणाऱ्याला वरच्या थरांबद्दल विचारून बघा.

हा वायू आपणच वाढवला कशावरून? औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर सलग मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या वर आहे. दरवर्षी जळणारा कोळसा, तेल, वायू आणि तोडलेली जंगलं मिळून आपण सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यातला निम्म्याहून थोडा कमी हवेत उरतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती घेतात. ज्वालामुखींचा वार्षिक वाटा आपल्या वाट्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

पण मला त्याहून पटणारा पुरावा वाटतो तो कार्बनच्या ओळखखुणांचा. कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार काही हजार वर्षांत विरत जातो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, त्यात तो शिल्लकच नसतो. असा 'म्हातारा' कार्बन हवेत मिसळला की कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं; हे १९५५ मध्येच हान्स सूस यांनी झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत दाखवलं. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो, म्हणून दुसरी खूण लागते. वनस्पती हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ कमी असतो. ज्वालामुखीच्या वायूत तेवढा कमी नसतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरतं आहे. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित, पण मोजता येईल इतका घटतो आहे, कारण जळण्यासाठी तो खर्ची पडतो. हा वायू समुद्रातून बाहेर येत असता तर समुद्रातला कार्बन कमी व्हायला हवा होता. तो वाढतो आहे आणि पाण्याची आम्लता चढते आहे. चार स्वतंत्र मोजमापं एकाच ठिकाणी बोट दाखवतात.

"सूर्यच जास्त तळपतो आहे" या शंकेचंही तसंच. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा थेट मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्का वर-खाली होते, पण या काळात तिचा चढता कल नाही. दुसरी खूण वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात आहे. सूर्य जास्त तळपत असता तर वरचे-खालचे सगळे थर तापले असते. जाड पांघरुणाखाली मात्र आतला माणूस तापतो आणि पांघरुणाची बाहेरची बाजू गार राहते. स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये हिशेबानं सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि स्थितांबर थंड होईल. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी नेमकं तेच मोजलं. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही वाटा आहे, वरच्या भागात मात्र कार्बन डायऑक्साइडचा हात स्वच्छ दिसतो. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी.

आता "आकडे फिरवले" या आरोपाकडे येतो. हे माझं रोजचं काम असल्यानं इथे थोडा रेंगाळणार आहे. आकडे बदललेले आहेत, हे खरं आहे. बदलले नसते तर ते वापरण्याच्या लायकीचे नसते.

समुद्राचं उदाहरण घ्या, कारण पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्रच आहे. जुन्या काळी जहाजावरचा खलाशी दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडायचा, वर ओढायचा आणि पाण्यात तापमापी धरायचा. बादली कधी लाकडी, कधी कॅनव्हासची म्हणजे जाड कापडाची. कापडी बादली वाऱ्यात वर येईपर्यंत तिच्या अंगावरून पाण्याची वाफ होते आणि आतलं पाणी काही दशांश अंशांनी गार होतं. बादली किती उंच ओढली, वारा किती होता, तापमापी किती वेळ धरली, यावर चूक कमी-जास्त होते. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले आणि तिथे इंजिनखोलीच्या उबेनं आकडा जरा जास्त यायचा. दुसऱ्या महायुद्धात नोंदी बव्हंशी अमेरिकी जहाजांच्या होत्या, म्हणजे इंजिनच्या पाण्याच्या. १९४५ नंतर ब्रिटिश जहाजांच्या बादल्या पुन्हा आल्या आणि नोंदींत जगभरचा समुद्र एकाएकी गार झाल्यासारखा दिसू लागला. समुद्र गार झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. अशा नोंदी जशाच्या तशा वापरायच्या का? जुन्या बादल्यांच्या प्रतिकृती करून, वाऱ्याचा हिशेब मांडून त्या दुरुस्त कराव्या लागतात.

या दुरुस्तीनं काय होतं? बादलीच्या काळातले जुने आकडे वर सरकतात. म्हणजे जुना काळ थोडा उबदार ठरतो आणि तेव्हापासून आजपर्यंतची वाढ कमी दिसते. जमिनीवरच्या काही दुरुस्त्या उलट्या दिशेनं जातात. केंद्र हलवलं, नोंदीची वेळ संध्याकाळची सकाळ झाली, तापमापीभोवतीची जाळीची पेटी बदलली, अशी त्यांची कारणं असतात. पण जमीन आणि समुद्र एकत्र धरले तर सगळ्या दुरुस्त्यांचा निव्वळ परिणाम शतकभराची तापमानवाढ कमी करण्याकडे जातो. वाढ फुगवून दाखवायची असती तर काही न करता कच्चे आकडे छापणं जास्त सोयीचं होतं.

यावर "पण तपासणारेही तुमचेच" असं कुणी म्हणेल. रिचर्ड मुलर या भौतिकशास्त्रज्ञालाही नोंदींबद्दल शंका होत्या. त्यांनी बर्कली अर्थ नावाचा स्वतंत्र गट उभा केला, नव्यानं पद्धत बसवली, कितीतरी जास्त केंद्रं घेतली. त्या प्रकल्पाच्या निधीचा काही भाग तेलउद्योगातले चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाकडून आला होता. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केलं की आधीच्या गटांचे आकडे बरोबर आहेत आणि वाढ जवळजवळ संपूर्ण मानवनिर्मित आहे. उपग्रहांचीही गोष्ट अशीच. १९९० च्या दशकात जॉन ख्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांच्या उपग्रह-नोंदींत खालची हवा फारशी तापताना दिसत नव्हती आणि तो आक्षेप गंभीर होता. मग लक्षात आलं की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली घसरत होती आणि त्यामुळे खोटी थंडी दिसत होती. पुढे २००५ मध्ये, उपग्रह दिवसाच्या कोणत्या वेळी डोक्यावरून जातो त्याच्या दुरुस्तीत चिन्हाची चूक सापडली. त्या दुरुस्त केल्यावर उपग्रहही वाढच दाखवतात.

"हवामान कायमच बदलत आलंय" हे वाक्य खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. हिमयुगं आली-गेली ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षाच्या संथ बदलांनी, हजारो वर्षांच्या गतीनं. त्या काळात आधी थोडी उष्णता वाढली, मग समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला आणि त्यानं वाढ आणखी पुढे रेटली. आज तो वायू आधी आला आहे, कारण आपण तो थेट हवेत टाकतो आहोत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून गेल्या आठ लाख वर्षांचं मोजमाप मिळतं. त्यात हा वायू दर दहा लाखांत ३०० च्या आसपासच्या वर कधी गेलेला नाही.

इथवर खात्रीचा प्रदेश. अजून किती तापेल, हा प्रश्न मात्र मनापासून अवघड आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर नुसत्या त्याच्या परिणामानं सुमारे एक अंशापेक्षा थोडी जास्त वाढ होते. पण तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते आणि वाफही उष्णता अडवते. बर्फ वितळून गडद जमीन-समुद्र उघडे पडतात, ते जास्त ऊन शोषतात. सर्वांत मोठी अडचण ढगांची. समुद्रावरचे खालचे जाड ढग ऊन परतवून गारवा देतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापलेल्या जगात कोणते किती घटतील-वाढतील हे संगणकातल्या प्रारूपांना (मॉडेल्सना) नीट पकडता येत नाही, कारण ती पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात आणि ढग त्या चौकोनांपेक्षा लहान असतात. त्यात धूर आणि गंधकाचे कण आजवर थोडी तापमानवाढ झाकत आले आहेत. नेमकी किती, यावर मतभेद आहेत. १९७९ च्या चार्नी अहवालानं दुपटीला दीड ते साडेचार अंश असा पट्टा दिला. आयपीसीसीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीनं, २०२१ मध्ये तो अडीच ते चारवर आणला. एवढा पट्टा आवळायला चाळीस वर्षं लागली.

याचा आधार घेऊन "शास्त्रज्ञांनाच काही माहीत नाही, तर घाई कशाला" असं म्हटलं जातं. पण पट्ट्याला दोन टोकं असतात. वाढ अंदाजापेक्षा कमी निघू शकते तशी जास्तही निघू शकते, आणि वरच्या टोकाची किंमत खालच्या टोकाच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठी असते. मला स्वतःला अनिश्चितता हे घाईचं कारण वाटतं.

दुसऱ्या बाजूच्या अतिशयोक्तीनंही फार नुकसान केलं आहे. २०१८ मध्ये आयपीसीसीनं सांगितलं की वाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के खाली यायला हवं. त्याचं "जग वाचवायला बारा वर्षं उरली" असं झालं. दीड अंश हा कडा नाही, की त्याच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे खाई. प्रत्येक दशांश अंशानं धोका वाढतो, मग आकडा कोणताही असो. तसंच, कोळशाच्या प्रचंड वाढीवर बेतलेलं एक अतिउत्सर्जनाचं चित्र कित्येक वर्षं "असंच चालू राहिलं तर" या नावानं बातम्यांत वापरलं गेलं. सध्याची धोरणं आपल्याला शतकअखेर अडीच ते तीन अंशांच्या आसपास नेतात. ते भयंकरच आहे, पण ते चित्र वेगळं आहे. आणि २००७ च्या आयपीसीसी अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं एक निराधार वाक्य शिरलं होतं. २०१० मध्ये ते चूक म्हणून मान्य केलं गेलं.

हानीबद्दल वाचताना प्रत्येक संकट वेगळं धरा. उष्णतेच्या लाटा वाढल्या आणि त्यामागे माणसाचा हात आहे, यावर पुरावा भक्कम. अतिवृष्टीवरही चांगला. चक्रीवादळांची जगभरची एकूण संख्या वाढल्याचं स्पष्ट दिसत नाही. त्यांतल्या तीव्र वादळांचं प्रमाण आणि त्यांच्यासोबतचा पाऊस मात्र वाढला आहे. दुष्काळाचं उत्तर प्रदेशागणिक बदलतं. "आपत्तींतले मृत्यू तर शतकभरात घटले" हेही खरं, पण ते श्रेय मुख्यतः पूर्वसूचना, निवारे आणि सुधारलेल्या राहणीमानाचं आहे. त्यावरून वादळ सौम्य झालं असं ठरत नाही.

पाचव्या प्रश्नात तर वाद असायलाच हवा. २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी तातडीनं मोठा खर्च करा असं सांगितलं, विल्यम नॉर्डहाउस यांनी सावकाश सुरुवात करा असं. दोघांचं भौतिकशास्त्र एकच होतं. फरक होता तो भविष्यातल्या नुकसानीचं आजचं मोल काढायच्या दरात. स्टर्न यांचा दर १.४ टक्के, त्यानं शंभर वर्षांनंतरचं १०० रुपयांचं नुकसान आज सुमारे २५ रुपयांचं ठरतं. दर साडेचार टक्के धरला तर तेच जेमतेम सव्वा रुपयाचं. नातवंडांच्या नातवंडांचं दुःख किती मोजायचं, हा प्रश्न उपग्रह सोडवणार नाही. कुणी किती उचलायचं, हाही तसाच. आजवर हवेत गेलेल्या जीवाश्म इंधनांच्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, तर आज दरवर्षी सर्वांत जास्त सोडणारा देश चीन आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल-करारातच 'जबाबदारी सामाईक, पण वाटा वेगवेगळा' हे तत्त्व आलं, आणि त्यावरची भांडणं तेव्हापासून चालू आहेत. अणुऊर्जा हवी की नको, कार्बनवर कर लावायचा की नाही, यावर दोन समजूतदार माणसांचं मत वेगळं असू शकतं. एखाद्याला कर नकोसा वाटतो म्हणून तो तापमापीवर शंका घेतो, तेव्हा त्याच्याशी तापमापीवर वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. त्याला करावर बोलू द्यावं.

आलेख समोर आला की तो कोणत्या वर्षी सुरू होतो ते बघा. १९९८ हे जोरदार एल निनोचं, असाधारण उष्ण वर्ष होतं. तिथून रेघ काढली की पुढची दहा-बारा वर्षं वाढ थांबल्यासारखी दिसते. रेघ १९७० पासून काढा, मग बघा. आलेख एका शहराचा आहे की सगळ्या पृथ्वीचा, हेही पाहा. आणि जुनी भाकितं तपासा. १९७० ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या १७ प्रारूप-अंदाजांची तुलना २०१९ अखेर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष तापमानाशी केली गेली. १० थेट जुळले. उत्सर्जन प्रत्यक्षात किती झालं हे लक्षात घेतल्यावर १४. सूर्य मंदावतो आहे, आता थंडी येणार, असं सांगणारेही होते. २०१५ ते २०२४ ही दहा वर्षं तोवरच्या मोजणीच्या इतिहासातली सर्वांत उष्ण दहा वर्षं ठरली.

मूळ काहीतरी वाचायचं असेल तर आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश वाचा, तीस-चाळीस पानांचा आहे. त्यातली विशेषणं मोजूनमापून वापरलेली असतात. 'शक्य' म्हणजे किमान ६६ टक्के, 'फार शक्य' म्हणजे ९०, 'अत्यंत शक्य' म्हणजे ९५, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९९. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या तापमानवाढीचं प्रमुख कारण माणूस असणं २०१३ मध्ये 'अत्यंत शक्य' होतं. २०२१ मध्ये, माणसानं वातावरण, समुद्र आणि जमीन तापवली या विधानापुढे टक्केवारीच लावलेली नाही, ते 'निःसंशय' आहे. त्याच पानांत ढगांबद्दल, दुष्काळाबद्दल, बर्फाच्या थरांबद्दल मात्र कमी खात्रीचे शेरे ठिकठिकाणी सापडतील. वाचताना प्रत्येक विधानापुढचा शेरा पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि मग तुमच्याकडे आलेली चित्रफीत त्याच विषयावर किती खात्रीनं बोलते ते शेजारी लिहा.